रक्त गार पाण्यात धुवायचं

४ फेब्रुवारी

मुंगीस आईचा आशीर्वाद.

पत्र पोचलं, गाठोडंही पोचलं. फरशी पुसायला चार जुनी कापडं पाठव म्हटलं तर तू निम्मं कपाट रिकामं केलंस. पत्र सूनबाईने दोनदा वाचून दाखवलं. आम्ही मायलेक छान, नाकतोड्या चष्म्याच्या दुकानात रमलाय, काळजी नसावी. बरं. मग मी गाठोडं सोडलं.

वरून तिसरा होता निळ्या काठाचा उशीचा अभ्रा. कोपऱ्यात डाग. तू घासलायस, पण गरम पाण्यात. मुंगे, तुझी आई इस्पितळाच्या धुलाईघरात एकतीस वर्षं उभी होती. तुला चालता यायच्या आधी तुझ्या कानावर घातलं होतं, की रक्त गार पाण्यात धुवायचं. गरम पाणी लागलं की ते शिजतं. मग कापड विरेल, पण डाग जायचा नाही.

तर डाग. एकात एक तीन कडा आहेत, कापलेल्या कांद्यासारख्या. म्हणजे आलं, थांबलं, वाळलं, परत आलं. एका दमात वाहिलेल्या रक्ताला एकच कड असते. डाग कोपऱ्याला आहे, म्हणजे माणूस कुशीवर झोपलेला. आणि फिकट आहे, पाण्यात मिसळल्यासारखा, म्हणजे नाकाचं. तुझ्या घरात नाकं दोनच. तुझं जन्मापासून वर असतं, त्यातून काही खाली गळेल असं वाटत नाही. राहिलं पोराचं.

मला अक्षर येत नाही, कापड येतं. तेव्हा आता पत्रात लिहिलं नाहीस ते लिही.

नाकाचं ते वाक्य लिहू नको असं सूनबाईला म्हटलं होतं. तिने लिहिलंच. तुम्ही बोलाल ते सगळं लिहीन, म्हणते, नाहीतर मागाहून म्हणाल मी गाळलं. तुझ्या भावाने बायको नाही आणली, पंचनामा करणारा शिपाई आणलाय. हेही लिहिलं तिने.

आई


१२ फेब्रुवारी

आई, नमस्कार.

तुझ्यापासून काही लपत नाही हे विसरले होते. विसरायला बरं वाटतं म्हणून असेल.

त्याचं नाक दिवाळखोराच्या छपरासारखं गळतंय, तोच असं म्हणून हसतो. दुकानात काचा घासताना थेंब पडायचे, तेव्हा मालकाने सुट्टी दिली. इथल्या मोठ्या इस्पितळात दाखवलं. नाकाच्या पार मागे गाठ आहे. कर्करोग नाही. पण गाठ म्हणजे नुसता रक्तवाहिन्यांचा झुबका, धक्का लागला की वाहतो. एकोणीस-वीसच्या पोरांनाच होते म्हणतात. काढल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि काढताना बादलीभर रक्त जातं.

तुला माहीत आहे, आमच्या प्रार्थनेच्या मंडळीत दुसऱ्याचं रक्त घेत नाहीत, देवाची आज्ञा आहे तशी. दोन इस्पितळांनी हात वर केले. ह्या सर्जननी केले नाहीत. ते म्हणाले, तुमचं तुमच्यापाशी, माझं काम एक थेंब वाया न घालवण्याचं. महिनाभर लोहाची इंजेक्शनं द्यायची, रक्त वाढवायचं. ते नवावर होतं, आता साडेदहा झालंय. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुसरे डॉक्टर मांडीतून बारीक नळी वर नेऊन गाठीला रक्त पुरवणारी शीर बुजवणार. ते डॉक्टर महिन्यातून एकदाच येतात. मग नाकातूनच दुर्बिणीने गाठ काढायची. सांडलेलं रक्त एक यंत्र ओढून घेतं, धुतं आणि त्यालाच परत देतं. नळी त्याच्या अंगापासून कुठे तुटत नाही, त्यामुळे ते त्याचंच राहतं, असं मंडळीतल्या थोरल्यांनीही मान्य केलं. रक्त टिपलेले बोळे वजनकाट्यावर ठेवून किती गेलं ते मोजणार. ठरलेल्या आकड्याच्या वर गेलं तर तिथेच थांबायचं, उरलेली गाठ पुन्हा कधीतरी.

तारीख मिळालीय १४ मार्च. पोराने स्वतः सही केली आहे, रक्त नको म्हणून. तो सज्ञान आहे. मी त्याला भरीस पाडलं नाही.

तू एवढंच कर. मध्ये पडू नको.

तुझी
मुंगी


१९ फेब्रुवारी

मुंगीस आशीर्वाद.

मध्ये पडू नको म्हणतेस. मी कधी पडलेय? जावई गेला तेव्हा मी चौथ्या दिवशी आले, कारण धुलाईघरात रजा मिळेना. तोवर तुझी मंडळी येऊन बसलेली होती. डबे त्यांचे, रडायला खांदे त्यांचे. मी आले तेव्हा मला दारातल्या खुर्चीवर बसवलं, वीजबिल घेऊन आलेल्या माणसासारखं. तेव्हापासून मी तिथेच बसलेय.

तुझे सर्जन बोळे काट्यावर ठेवतात, त्याचं मला कौतुक नाही. आम्ही हातावर घ्यायचो. चादरीचा बोचका उचलला की कळायचं, हा माणूस घरी जाणार की मागच्या दाराने जाणार. एकतीस वर्षांत माझे अंदाज चार वेळा चुकले, आणि त्या चौघांनाही ऐनवेळी बाटली चढवली होती. बाटलीतलं रक्त कुणाचं होतं? एकाला आमच्याच वॉचमनचं. पुढे तो माणूस वॉचमनसारखा जागत बसला नाही, की त्याला विडीची तलफ आली नाही. रक्त रक्तच असतं. तू सासरी जाताना माझं रक्त इथे ठेवून गेलीस काय?

तू म्हणतेस भरीस पाडलं नाही. मुंगे, नऊ वर्षांचा असल्यापासून दर आठवड्याला त्याला तिथे नेऊन बसवलंस. दुधाला विरजण लावायचं आणि सकाळी म्हणायचं, दही आपलं आपण लागलं.

आकड्याच्या वर गेलं तर थांबायचं म्हणे. आणि थांबल्यावर रक्त थांबलं नाही तर? ते तुझ्या पत्रात नव्हतं. सूनबाईने दोनदा शोधलं.

आई


२६ फेब्रुवारी

प्रिय आजी,

तू आईला लिहिलेलं पत्र मी वाचलं. आई ते पिठाच्या डब्याखाली ठेवून स्वयंपाकघरात उगाचच भांडी घासत होती, घासलेलीच. तू तिला असं बोलू नको. तुझं एक वाक्य तिला आठवडाभर पुरतं.

माझं म्हणशील तर ठीक आहे. नाकाने श्वास येत नाही म्हणून तोंड उघडं असतं, त्यामुळे नेहमी आश्चर्य वाटल्यासारखा दिसतो. दुकानात म्हातारे विचारतात, चष्मा एवढा महाग आहे का?

रक्ताचं माझं पक्कं आहे, आजी. आईमुळे नाही. बाबा गेल्यावर मला जे उभं राहायला मिळालं ते मंडळीतच मिळालं. ते सोडून मी जगलो तर कोण जगला, ते मला सांगता येणार नाही. सर्जननी मला एकट्याला बसवून तासभर विचारलं. मरशील, असंही स्पष्ट म्हणाले. मी म्हटलं, कळलं.

भीती वाटते. हे आईला सांगत नाही, तुला सांगतो. दुपारी झोपलो की वाटतं, गाठ आत बसून ऐकतेय. कधी कधी मनात येतं, तू माझ्या जागी असतीस तर बाटली चढवून, वर दुसरी मागून, उठून घरी गेली असतीस. मग हसू येतं. हसलो की नाक वाहतं. म्हणून तुझा विचार कमी करतो.

ऑपरेशन झालं की येतो तुझ्याकडे. मामीला सांग, मी आल्यावर तू बोलशील ते लिहायला दोन वह्या लागतील.

तुझा
नाकतोड्या


४ मार्च

डॉक्टरसाहेबांस,

मी तुमच्या चौदा तारखेच्या पेशंटची आजी. आईची आई. मला लिहिता येत नाही, माझी सून लिहिते आहे, पण शब्द माझे आहेत. खाली अंगठा आहे.

तुम्ही भला माणूस दिसता. पोराला एकट्याला बसवून विचारलंत, असं कळलं. पण पोरं एकट्याने बसवली तरी एकटी नसतात, आई भिंतीपलीकडे असते. त्याने तुम्हाला नको सांगितलं. मला वेगळं सांगितलं. मला म्हणाला, आजी, भीती वाटते. म्हणाला, आईला सांगत नाही, तुला सांगतो, जिवावर बेतलं तर रक्त देऊ देत. सही केली ती आईचं मन राखायला.

हे मी शपथेवर सांगते. मी इस्पितळातच उमर घालवली आहे, खोटं बोलून मला काय मिळणार? तुम्ही हे पत्र त्याच्या फाईलीला लावा. मंडळींना दाखवू नका. टेबलावर वेळ आली तर फाईल उघडा आणि काय ते करा. त्याला शुद्धीवर आल्यावर कळायची गरज नाही. बाटली काढून टाकली की खूण राहत नाही, चादरी धुणाऱ्याशिवाय कुणाला पत्ता लागत नाही.

म्हातारीचा अंगठा


१५ मार्च

आदरणीय आजींस,

सप्रेम नमस्कार. आपलं पत्र सातला मिळालं. आपण सांगितलं त्याप्रमाणे ते फाईलीला लावलं. मात्र ते लपवता येत नाही. लावलं की त्याची नोंद होते, आणि नोंद झाली की मला पेशंटला विचारावंच लागतं. तसा नियम आहे आणि नियम योग्य आहे. पेशंट स्पष्ट नको म्हणत असेल तर मी रक्त न देता ऑपरेशन करतो. हो म्हणत असेल तर रक्त तयार ठेवून करतो. काय म्हणतो तेच माहीत नसताना सुरी उचलत नाही.

दहा तारखेला मी त्याला बोलावलं. खोलीत तो, मी आणि इस्पितळाच्या समितीच्या बाई, तिघेच. आपलं पत्र त्याला वाचून दाखवलं. विचारलं, असं तू आजीला म्हणाला होतास का?

मी तीनदा विचारलं. नाही, इतकं म्हणाला असता तरी पुरलं असतं, ऑपरेशन काल झालं असतं. शेवटी म्हणाला, आजीशी बोलून सांगतो. समितीच्या बाईंनी विचारलं, आता का नाही सांगत? तर म्हणाला, तिचा अंगठा आहे खाली.

आजी, मला अंदाज आहे, पण अंदाजावर मी काम करू शकत नाही. शीर बुजवणारे डॉक्टर तेराला आले आणि दुसऱ्या पेशंटचं काम करून गेले. पुढची तारीख १८ एप्रिल आहे. तोवर नाकाला धक्का लागू नये, प्रवास करू नये, रक्त आलं आणि दहा मिनिटांत थांबलं नाही तर जवळच्या इस्पितळात तडक न्यावं, हे त्याच्या आईला लिहून दिलं आहे.

आपलं पत्र चुकून, गैरसमजातून लिहिलं गेलं असेल तर तसं मला एका ओळीत कळवावं. अंगठ्यासह. मी मधली एखादी तारीख मिळवण्यासाठी खटपट करीन.

आपला
सर्जन


२० मार्च

नाकतोड्यास आजीचा आशीर्वाद.

डॉक्टरांचं पत्र आलं. एका ओळीत कळवा म्हणतात. एक ओळ लिहायला सूनबाई परवापासून पेन उघडून बसलीय. तिला म्हटलं, झाकण लाव, शाई वाळेल.

तू गप्प बसलास ते बरं केलंस. आता एक पाऊल पुढे टाक. त्यांना जाऊन सांग, आजी म्हणते ते खरं. चार शब्द आहेत फार तर. तुझ्या मंडळींना कळणार नाही, आईला कळलं तर माझ्यावर ढकल. माझी पाठ रुंद आहे, एकतीस वर्षं ओल्या चादरी वाहिल्यात.

आणि सांगवत नसेल तर उलटं सांग. सांग, की माझी आजी खोटारडी आहे, शपथेवर खोटं बोलते, तिच्या अंगठ्याला काडीची किंमत नाही. सांग सगळ्यांसमोर. मी काही म्हणणार नाही. या वयात आणखी एकदा दारातल्या खुर्चीवर बसेन, सवय आहे मला.

ठरव तू. घाई नाही, अठरापर्यंत वेळ आहे.

आजी


६ एप्रिल

आई,

गेल्या रविवारी तो गेला. तुला तार केली नाही, फोन केला नाही. मुद्दामच. तू आली असतीस.

दुपारी जेवला, झोपला. नाक सुटलं. दहा मिनिटांत संपलं. कुणाला बोलवायला वेळच मिळाला नाही. एवढंच सांगण्यासारखं आहे.

तुझं शेवटचं पत्र त्याच्या शर्टाच्या खिशात होतं. रोज काढून वाचायचा. मी म्हणायचे, अरे, सांगून टाक डॉक्टरांना, आजी खोटं बोलते आहे, तुला माहीत आहे, मला माहीत आहे. तो म्हणायचा, आधी तिच्याकडे जाऊन येतो, तीच परत घेईल, मग कुणाला कुणाचं काही सांगावं लागणार नाही. प्रवास करायचा नाही म्हणून मी जाऊ दिलं नाही. शेवटपर्यंत त्याने तुला खोटं पाडलं नाही, आई. तू जिंकलीस.

चौदा मार्चला रक्त पावणेबारा झालं होतं त्याचं. सगळं तयार होतं. सर्जन परवा घरी आले होते, माझ्यासमोर बसून रडले. म्हणाले, निघाली असती ती गाठ.

वहिनीचं अक्षर मी ओळखते. तिला सांग, ज्या हाताने डॉक्टरांना ते लिहिलं तो हात झडू दे.

सोबत अभ्रा पाठवते आहे. त्याच्या उशीचा. धुतलेला नाही. तुला अक्षर येत नाही, कापड येतं. मग बघ काय लिहिलंय. पुन्हा पत्र पाठवू नको.


१५ एप्रिल

मुंगे,

पाठवू नको म्हणालीस, तरी पाठवते. हे शेवटचं.

सूनबाईला शाप देऊ नको. अक्षर तिचं आहे, तोंड माझं. डॉक्टरांचं पत्र लिहिताना तिने तीनदा पेन खाली ठेवलं. म्हणाली, सासूबाई, असं तो म्हणालेला नाही, पत्र मीच वाचून दाखवलंय. मी म्हटलं, तू लिहिणार नसशील तर कोपऱ्यावरचा दुकानदार लिहील. तेव्हा लिहिलं. आत्ता रडतेय आणि लिहितेय.

पोराने मला भीती वाटते म्हटलं, आणि मला वाटलं भीती म्हणजे हो. मी आयुष्यभर कापडावरून माणसं ओळखली, पण कापड बोलत नाही, त्याला उलट विचारावं लागत नाही. हा बोलत होता. पक्कं आहे म्हणून बोलला होता. मी ते गाळलं. मला वाटलं पोर मागे सरेल. ते पुढेही आलं नाही, मागेही गेलं नाही. माझ्या अंगठ्यावर उभं राहिलं.

आणि ती एक ओळ. सूनबाई दोन दिवस पेन उघडून बसली होती. माझ्याने निघाली नाही. हे माझं झालं.

आता तुझं. अभ्रा मी तीन दिवस उघडला नाही. चौथ्या दिवशी सकाळी खिडकीत धरला.

तू लिहिलंस दहा मिनिटं. दहा मिनिटांच्या रक्ताला एकच कड असते. फेब्रुवारीत सांगितलं होतं, तू लक्ष दिलं नाहीस, नाहीतर हे कापड माझ्याकडे पाठवलं नसतंस. इथे पाच कडा आहेत. पहिल्या चार एकेक करून वाळलेल्या, त्याही दोन बाजूंना. दोनदा थांबलं, तू उशी पालटलीस. दोनदा पुन्हा थांबलं. एक कोपरा पिळलेला आहे. तो त्याच्या नाकाशी धरलास, मोरीत पिळलास, परत धरलास. कापड वाळायला लागतो तो वेळ कुणाला फसवता येत नाही. जेवणापासून दिवेलागणीपर्यंत, मुंगे. चारदा थांबलं, चारदा गाडी बोलावता आली असती.

का बोलावली नाहीस तेही कळलं. त्याला कापड लागत नाही. बाकीच्या इस्पितळांनी आधीच हात वर केलेले; मोठ्या इस्पितळात नेलं असतंस तर तिथे फाईल होती, आणि फाईलीत मी होते. कुठल्याही डॉक्टरने ती उघडली असती, आजी शपथेवर सांगते असं वाचलं असतं, आणि बाटली लावली असती. त्याच्या मनाविरुद्ध. म्हणून तू त्याच्या उशाशी बसून वाट बघितलीस, की या वेळी आपोआप थांबेल. तो शुद्धीत होता का? त्याने तुला गाडी बोलाव म्हटलं का? ते कापडावर नाही. ते तुला माहीत आहे, आणि मला कधी सांगू नको.

मी पत्र लिहिलं नसतं तर तू गाडी बोलावली असतीस. तू गाडी बोलावली असतीस तर माझं पत्र फुकट गेलं नसतं. दोघींनी मिळून बरोबर काम केलं. धुलाईघरात पिळायला दोघीच लागायच्या, एकीने एका टोकाला पीळ द्यायचा, दुसरीने दुसऱ्या.

सूनबाई म्हणाली, गार पाण्यात भिजत घालू का, अजून जाईल. जातो, मुंगे. इतक्या दिवसांचाही जातो, मीठ लावून रात्रभर ठेवला तर. माझा हातखंडा आहे.

मी नको म्हटलं. अभ्रा मधोमध फाडला. मोठं पातेलं शेगडीवर ठेवलं, पाण्याला खळखळून उकळी येऊ दिली, आणि दोन्ही तुकडे आत सोडले. एकतीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं.

एक तुकडा या पाकिटात आहे. दुसरा मी माझ्या उशीला घातला.

आई